नेटिव्ह आणि मॅनेज्ड कोडमध्ये स्ट्रिंगची देवाणघेवाण : आधी चार प्रश्न, मग सिग्नेचर

सी किंवा सी प्लस प्लसमधली (म्हणजे नेटिव्ह) लायब्ररी सी शार्पमधून (म्हणजे मॅनेज्ड कोडमधून, ज्याची मेमरी डॉटनेट सांभाळतं) वापरायची वेळ आली की आकड्यांचं काम सहसा पहिल्याच प्रयत्नात होतं. इंटिजर जातो, इंटिजर येतो. अडतं ते स्ट्रिंगपाशी. मग बहुतेक जण डिक्लरेशनवरचे ॲट्रिब्यूट एकेक करून बदलत बसतात आणि पडद्यावर अक्षरं नीट दिसली की थांबतात. चूक होते ती इथेच. नीट दिसलेली स्ट्रिंग बरोबर पोचलेली असतेच असं नाही. चाचणीसाठी साधा इंग्रजी शब्द घेतला असेल, तर चुकीचं एन्कोडिंगही (अक्षरांचे बाइट करण्याची पद्धत) खपून जातं. मेमरी चुकीच्या पद्धतीने मोकळी होत असेल, तर प्रोग्रॅम त्या ओळीवर कोसळत नाही; अर्ध्या तासाने भलत्याच ओळीवर कोसळतो आणि आपण त्या ओळीत दोष शोधत बसतो.

खालचा क्रम डॉटनेटच्या पी-इन्व्होकसाठी, म्हणजे सी शार्पमधून नेटिव्ह फंक्शन बोलावण्याच्या सोयीसाठी, लिहिला आहे. जावाच्या जेएनआय या तशाच सोयीमध्ये प्रश्न हेच, पण तिथे एक वेगळा खड्डा आहे. त्यावर पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

## तयारी : कोड उघडण्याआधी चार उत्तरं लिहून काढा

ज्या फंक्शनला स्ट्रिंग द्यायची किंवा ज्याच्याकडून घ्यायची, त्या प्रत्येक पॅरामीटरसाठी हे चार प्रश्न कागदावर सोडवा.

१. बाइट कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहेत? यूटीएफ-८, यूटीएफ-१६, की विंडोजचं ॲन्सी कोड पेज (ठरावीक भाषांपुरती जुनी अक्षरतालिका)?

२. लांबी कशी कळते? शेवटी शून्य बाइट असतो, की लांबी वेगळी द्यायची? द्यायची तर बाइटमध्ये की अक्षर-एककांमध्ये? आणि शेवटचं शून्य त्यात धरलं आहे का?

३. मेमरी कोणी घेतली, आणि ती मोकळी कोणी करायची? कोणत्या फंक्शनने?

४. कॉल संपल्यावर पॉइंटर किती काळ वैध राहतो?

यातलं एकही उत्तर अंदाजाने लिहू नका. हेडर फाइलमध्ये नुसतं कॅर-पॉइंटर (पहिल्या अक्षराचा पत्ता) लिहिलेलं असतं आणि त्यावरून या चारपैकी एकाचंही पूर्ण उत्तर मिळत नाही. लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन वाचा, तेही गप्प असेल तर सोर्स वाचा. सोर्स नसेल तर एक छोटा सी प्रोग्रॅम लिहून त्या फंक्शनने दिलेले बाइट आकड्यांच्या रूपात छापून बघा. या कामाला दहा मिनिटं लागतात. ती वाचवणाऱ्याचे पुढे दोन दिवस जातात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

डॉटनेटच्या बाजूची उत्तरं मात्र पक्की आहेत. तिथली स्ट्रिंग यूटीएफ-१६ असते, ती बदलता येत नाही, तिला स्वतःची लांबी ठाऊक असते आणि तिच्या मध्येही शून्य अक्षर असू शकतं. शिवाय ती मॅनेज्ड हीपवर (डॉटनेटने सांभाळलेल्या मेमरीत) असल्यामुळे गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग, तिला जागेवरून हलवू शकतो.

## टप्पा १ : रुंदी जुळवा

आधी नेटिव्ह बाजूचं एकक किती बाइटचं आहे ते बघा. कॅर म्हणजे १ बाइट. डब्ल्यूकॅर-टी मात्र विंडोजवर २ बाइटचा आणि लिनक्स व मॅकओएसवर ४ बाइटचा असतो. डॉटनेटच्या यूटीएफ-१६ शी तो फक्त विंडोजवर जुळतो. हे ठाऊक नसल्यामुळे विंडोजवर व्यवस्थित चालणारा कोड लिनक्सवर नेल्यावर बिघडतो आणि दोष कंपायलरला दिला जातो.

नेटिव्ह कोड तुमच्या हातात असेल आणि तो एकाहून जास्त प्लॅटफॉर्मवर चालायचा असेल, तर सीमेवरून डब्ल्यूकॅर-टी जाऊच देऊ नका. यूटीएफ-८ मधला कॅर-पॉइंटर ठेवा. दुसरा पर्याय सगळीकडे २ बाइटच असणाऱ्या कॅर१६-टीचा.

## टप्पा २ : एन्कोडिंग स्वतः लिहा, डीफॉल्टवर सोडू नका

नेटिव्ह फंक्शन जाहीर करणाऱ्या डीएलएल-इम्पोर्ट ॲट्रिब्यूटमध्ये चारसेट (एन्कोडिंगचा पर्याय) लिहिला नाही तर सी शार्प तो ॲन्सी धरतो. विंडोजवर ॲन्सी म्हणजे त्या मशीनचं चालू कोड पेज. लिनक्स आणि मॅकओएसवर डॉटनेट त्याच शब्दाचा अर्थ यूटीएफ-८ असा घेतो. म्हणजे शब्द एक, अर्थ दोन.

देवनागरी लिहिणाऱ्यांना याचा फटका सर्वांत आधी बसतो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी ॲन्सी कोड पेजच नाही. त्यामुळे 'मराठी' हा शब्द ॲन्सी मार्गाने पाठवला की पलीकडे पाच प्रश्नचिन्हं पोचतात. एक्सेप्शन येत नाही, इशारा येत नाही, कारण न बसणारं अक्षर जवळच्या अक्षरात किंवा प्रश्नचिन्हात बदलण्याची मुभा डीफॉल्ट चालू असते आणि अशा वेळी एक्सेप्शन टाकण्याची सोय डीफॉल्ट बंद असते. मूळ मजकूर कायमचा जातो. प्रश्नचिन्हातून अक्षर परत मिळवता येत नाही.

करायचं ते असं:

डॉटनेट ७ किंवा पुढची आवृत्ती असेल तर डीएलएल-इम्पोर्टऐवजी लायब्ररी-इम्पोर्ट वापरा. त्यात स्ट्रिंग-मार्शलिंग या नावाने यूटीएफ-८ किंवा यूटीएफ-१६ स्पष्ट लिहावं लागतं. न लिहिल्यास स्ट्रिंग असलेलं डिक्लरेशन बिल्डच होत नाही. मला ही सक्ती फार मोलाची वाटते. शिवाय मार्शलिंगचा, म्हणजे डेटा रूपांतरित करून पलीकडे नेण्याचा, कोड बिल्डच्या वेळी तयार होतो, त्यामुळे तो उघडून वाचता येतो.

जुनं डीएलएल-इम्पोर्टच वापरायचं असेल तर प्रत्येक पॅरामीटरवर मार्शल-ॲज लिहा: यूटीएफ-८ साठी एलपी-यूटीएफ८-एसटीआर, यूटीएफ-१६ साठी एलपी-डब्ल्यू-एसटीआर. यातला पहिला पर्याय डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये ४.७ पासून आहे. त्याहून जुन्या फ्रेमवर्कवर अडकला असाल, तर स्ट्रिंगचे यूटीएफ-८ बाइट स्वतः काढून बाइट ॲरे पाठवा.

खबरदारी: एन्कोडिंग क्लासचं गेट-बाइट्स फंक्शन शेवटी शून्य बाइट जोडत नाही. बाइट ॲरे पाठवताना एक जागा जास्त घेऊन ते शून्य तुम्हीच ठेवायचं असतं. विसरलात तर पलीकडचा कोड पुढची मेमरी वाचत सुटतो. बऱ्याचदा योगायोगाने पुढे शून्यच असतं, त्यामुळे चूक लपून राहते.

तपासणी: 'म' हे एकच अक्षर पाठवा आणि पलीकडे बाइट छापा. यूटीएफ-८ असेल तर २२४, १६४, १७४ आणि मग ० दिसायला हवं. विंडोजवरचं यूटीएफ-१६ असेल तर ४६, ९, ०, ०. नुसता ६३ दिसला तर ते प्रश्नचिन्ह आहे. याच टप्प्यावर थांबा.

## टप्पा ३ : आत जाणारी स्ट्रिंग

हा भाग सोपा आहे. नेटिव्ह फंक्शन स्ट्रिंग फक्त वाचणार असेल, तर पॅरामीटर साध्या स्ट्रिंग प्रकाराचा ठेवा. यूटीएफ-८ च्या वेळी मार्शलर (हे रूपांतर करणारा डॉटनेटचा भाग) तात्पुरती प्रत बनवतो, कॉल संपला की मोकळी करतो. यूटीएफ-१६ च्या वेळी सहसा प्रत बनतच नाही. मूळ स्ट्रिंगला जागेवर खिळवून तिचाच पत्ता दिला जातो.

त्यातून दोन नियम निघतात. पहिला, नेटिव्ह कोडने तो पॉइंटर जपून ठेवता कामा नये. कॉल संपल्यावर त्या पत्त्यावर काय असेल याची खात्री नाही. लायब्ररीला नाव 'नोंदवून' ठेवायची सवय असेल, तर तिने स्वतःची प्रत काढायला हवी. ती काढत नसेल, तर मेमरी तुम्ही मार्शल क्लासमधून हाताने घ्या आणि लायब्ररीचं काम संपेपर्यंत सांभाळा.

दुसरा नियम, त्या पत्त्यावर नेटिव्ह कोडने काही लिहायचं नाही. डॉटनेटच्या स्ट्रिंग बदलत नाहीत यावर अख्खी रचना उभी आहे. एकच लिटरल (कोडमध्येच अवतरणात लिहिलेली स्ट्रिंग) प्रोग्रॅममध्ये अनेक ठिकाणी वापरलेलं असेल, तर त्या सगळ्या जागा एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवत असतात. तिथे एक अक्षर बदललं की सगळीकडे बदलतं.

मेमरी हाताने घेतली असेल तर मोकळी करण्याची जोडी चुकवू नका. को-टास्क-मेम नावाच्या फंक्शनने घेतलेली फ्री-को-टास्क-मेमने, एच-ग्लोबलने घेतलेली फ्री-एच-ग्लोबलने, बी-एसटीआर (विंडोजची लांबीसकट साठवलेली स्ट्रिंग) घेतलेली फ्री-बी-एसटीआरने. मोकळी करणारी ओळ फायनली ब्लॉकमध्येच असू द्या.

## टप्पा ४ : बाहेर येणारी स्ट्रिंग, तुमच्या बफरमध्ये

सर्वांत जास्त चुका इथे आणि पुढच्या टप्प्यात होतात.

तुम्ही बफर, म्हणजे मजकुरासाठी राखलेली मेमरी, देता; नेटिव्ह फंक्शन त्यात लिहितं. पद्धत चांगली आहे, कारण मालकी स्पष्ट असते: घेतली तुम्ही, मोकळी कराल तुम्ही. प्रश्न उरतो तो आकाराचा.

पहिली चूक एककाची. फंक्शन बाइट मागतं आणि आपण अक्षरसंख्या देतो, किंवा उलट. 'मराठी' या शब्दात ५ कोड पॉइंट (युनिकोडमधले अक्षर-क्रमांक; काना-वेलांटीही वेगळे मोजायचे) आहेत. यूटीएफ-१६ मध्ये १० बाइट, यूटीएफ-८ मध्ये १५. इमोजी असेल तर एकाच कोड पॉइंटला यूटीएफ-१६ मध्ये २ एककं आणि यूटीएफ-८ मध्ये ४ बाइट लागतात. हिशेबाला सोपा नियम: डॉटनेटच्या लांबीला ३ ने गुणा आणि १ मिळवा, यूटीएफ-८ चा बफर कमी पडणार नाही.

दुसरी चूक परतीच्या आकड्याचा अर्थ न वाचण्याची. विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनांमध्येही इथे एकवाक्यता नाही. गेट-एन्व्हायर्नमेंट-व्हेरिएबल यशस्वी झालं तर शेवटचं शून्य वगळून लांबी देतं. बफर अपुरा असेल तर शून्य धरून लागणारा आकार देतं. गेट-मॉड्यूल-फाइलनेम मात्र अपुऱ्या बफरमध्ये मजकूर कापून टाकतं, तुम्ही दिलेलाच आकार परत करतं आणि एरर कोड १२२ ठेवतं. गेट-विंडो-टेक्स्ट तर गुपचूप कापतं. एका फंक्शनचा अनुभव दुसऱ्याला लावू नका.

आकार आधी विचारण्याची सोय असेल तर क्रम असा ठेवा: रिकामा पॉइंटर आणि शून्य आकार देऊन पहिला कॉल करा, मिळालेल्या आकाराचा बफर घ्या, दुसरा कॉल करा आणि त्याचा परतीचा आकडाही तपासा. दोन कॉलच्या मध्ये मजकूर वाढलेला असू शकतो. त्यामुळे हे लूपमध्ये लिहावं, एकदाच नाही.

बफर कशाचा घ्यायचा? जुन्या उदाहरणांमध्ये स्ट्रिंगबिल्डर दिसतो. मी तो नव्या कोडमध्ये वापरत नाही आणि तुम्हीही टाळावा. त्याच्यासाठी दर वेळी वेगळा नेटिव्ह बफर घेऊन मजकुराची ये-जा करावी लागते, डॉटनेटचं विश्लेषक साधनसुद्धा सीए१८३८ या नियमाने त्याबद्दल टोकतं, आणि लायब्ररी-इम्पोर्ट तर तो स्वीकारतच नाही. क्षमता न देता बनवलेल्या स्ट्रिंगबिल्डरमध्ये सुरुवातीला जागा असते फक्त १६ अक्षरांची. पलीकडे आकार २६० सांगितला आणि बफर १६ चा असला, की हीपची नासाडी ठरलेली. त्याऐवजी बाइट किंवा कॅर ॲरे घ्या. छोट्या मजकुराला स्टॅकवरची जागा पुरते. परत आलेल्या लांबीइतकाच भाग स्ट्रिंगमध्ये रूपांतरित करा, आख्खा बफर नको. नाहीतर स्ट्रिंगच्या शेपटीला शून्य अक्षरं चिकटतात. ती पडद्यावर दिसत नाहीत, पण तुलना मात्र फसते.

खबरदारी: यूटीएफ-८ मजकूर बफरच्या टोकाला कापला गेला तर देवनागरी अक्षराचे तीनपैकी एक-दोन बाइटच उरतात आणि रूपांतरात तिथे बदली-चिन्ह येतं. कापणं अटळ असेल, तर कापायच्या जागेवरचा बाइट १२८ ते १९१ मध्ये असेपर्यंत मागे सरका. तरीही 'ठी' मधली वेलांटी सुटून नुसता 'ठ' राहू शकतो. माणसाला दाखवायच्या मजकुरात तोही विचार करा.

## टप्पा ५ : नेटिव्ह फंक्शनने परत दिलेला पॉइंटर

फंक्शन कॅर-पॉइंटर परत देतं, म्हणून डिक्लरेशनमध्ये परतीचा प्रकार स्ट्रिंग लिहिला जातो. अशी मूक चूक दुसरी नाही, म्हणून नीट वाचा: परतीचा प्रकार स्ट्रिंग लिहिला की मार्शलर मजकुराची प्रत काढतो आणि *मूळ मेमरी मोकळी करतो*. विंडोजवर को-टास्क-मेम-फ्रीने, इतरत्र साध्या फ्रीने.

आता नेटिव्ह बाजूला काय असू शकतं ते बघा. तिथे स्थिर लिटरल असेल, तर जी मेमरी कधीच हीपवर नव्हती ती मोकळी केली जाते. मॅलॉकने (सी मधलं मेमरी घेणारं फंक्शन) घेतलेली असेल, तर लिनक्सवर सगळं सुरळीत चालतं, कारण तिथे जोडी योगायोगाने जुळते. विंडोजवर मात्र चुकीच्या हीपला हात लागतो. लायब्ररीच्या आतल्या एखाद्या ऑब्जेक्टचा मजकूर असेल, तर तो ऑब्जेक्ट नंतर तीच मेमरी पुन्हा मोकळी करतो.

म्हणून क्रम असा:

१. परतीचा प्रकार इंट-पॉइंटर (नुसता पत्ता धरणारा प्रकार) ठेवा, स्ट्रिंग नाही.

२. पॉइंटर रिकामा आहे का ते तपासा. रिकामा पॉइंटर आणि रिकामी स्ट्रिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लायब्ररीसाठी त्यांचे अर्थही वेगळे असू शकतात.

३. मार्शल क्लासमधल्या पॉइंटर-टू-स्ट्रिंग फंक्शनांपैकी एन्कोडिंगला जुळणारं वापरून *लगेच* प्रत काढा. 'शेवटची चूक काय' असं सांगणाऱ्या फंक्शनांचा पॉइंटर बहुधा पुढच्या कॉलपर्यंतच वैध असतो.

४. मालकी तुमच्याकडे आली असेल तरच, आणि लायब्ररीने दिलेल्या मोकळं करणाऱ्या फंक्शननेच, मेमरी मोकळी करा. विंडोजवर दोन डीएलएल वेगवेगळ्या सी रनटाइमवर बांधलेल्या असतील तर एकीच्या मॅलॉकला दुसरीची फ्री चालत नाही. नेटिव्ह कोड तुमचा असेल तर असं फंक्शन एक्सपोर्ट करणं ही तुमची जबाबदारी.

आउट स्ट्रिंग आणि रेफ स्ट्रिंग पॅरामीटरनाही हाच न्याय लागू. तिथेही मार्शलर मेमरी मोकळी करतो.

तपासणी: तोच कॉल लूपमध्ये एक लाख वेळा करा. मेमरी सतत वाढत गेली तर कोणीच मोकळी करत नाही. प्रोग्रॅम कोसळला तर दोघं करतात किंवा ती चुकीच्या पद्धतीने मोकळी होते.

## टप्पा ६ : स्ट्रक्चर आणि कॉलबॅक

स्ट्रक्चरमधल्या ठरावीक लांबीच्या अक्षर-ॲरेसाठी बाय-व्हॅल-टी-एसटीआर असतं. त्याचा आकार शेवटचं शून्य धरून मोजायचा, आणि एककाची रुंदी स्ट्रक्चरच्या स्वतःच्या चारसेटवरून ठरते, फंक्शनच्या नाही. चारसेट स्ट्रक्चरवरही लिहा. स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर असेल तर फील्ड इंट-पॉइंटर ठेवा. टप्पा ५ मधला धोका तिथेही आहे.

कॉलबॅकमध्ये (नेटिव्ह कोडने उलट बोलावलेल्या तुमच्या फंक्शनमध्ये) आलेली स्ट्रिंग कॉलबॅक चालू असेपर्यंतच तुमची, हे धरून प्रत काढा. डेलिगेट (ते फंक्शन धरणारा सी शार्पमधला ऑब्जेक्ट) एखाद्या फील्डमध्ये सांभाळून ठेवा. नेटिव्ह बाजूने त्याचा पत्ता धरला आहे हे गार्बेज कलेक्टरला दिसत नाही.

## जावा जेएनआय वापरणाऱ्यांसाठी

न्यू-स्ट्रिंग-यूटीएफ आणि गेट-स्ट्रिंग-यूटीएफ-कॅर्स या नावांतलं यूटीएफ म्हणजे नेहमीचं यूटीएफ-८ नाही. ते सुधारित यूटीएफ-८ आहे: शून्य अक्षराचे दोन बाइट होतात आणि इमोजीसारख्या अक्षराचे ४ ऐवजी ६. देवनागरीचे बाइट दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे मराठी मजकुरावर चाचणी पास होते आणि पहिल्या इमोजीवर बिघडते. सरळ मार्ग हा की जावाच्या बाजूला यूटीएफ-८ चा बाइट ॲरे बनवा आणि तोच सीमेपलीकडे न्या. गेट फंक्शनने घेतलेलं प्रत्येक वेळी रिलीज करायचं, हे एरर येऊन कोड मध्येच बाहेर पडतो तिथेही पाळा.

## टप्पा ७ : चाचणी, आणि लक्षणावरून दोष

चाचणीला किमान एवढ्या स्ट्रिंग घ्या: नल, रिकामी, एका अक्षराची, 'मराठी', एक इमोजी, मध्ये शून्य अक्षर असलेली, बफरइतक्याच लांबीची आणि त्याहून एकाने मोठी. प्रत्येक स्ट्रिंग पलीकडे पाठवा, परत आणा आणि मूळ स्ट्रिंगशी तुलना करा. डोळ्यांनी बघून ठरवू नका; कन्सोलचं स्वतःचं एन्कोडिंग वेगळं असू शकतं आणि बरोबर पोचलेला मजकूरही तिथे बिघडलेला दिसतो.

तरी बिघडलं, तर लक्षण ओळखा.

इंग्रजी शब्दाचं पहिलंच अक्षर पोचतं: यूटीएफ-१६ पाठवलं, पण वाचणारा एकेक बाइट वाचतो. दुसराच बाइट शून्य असल्यामुळे तो थांबतो. याच चुकीत 'मराठी' मात्र थांबत नाही, कारण तिच्या बाइटमध्ये शून्य नाही. टिंब, आकडा, कंसासारखं चिन्ह आणि मधूनमधून टॅब असा कचरा दिसतो. म्हणून एकाच दोषाची इंग्रजी आणि देवनागरी लक्षणं वेगळी असतात.

इंग्रजी मजकुराऐवजी चिनी भासणारी अक्षरं: उलट चूक. एकेका बाइटची अक्षरं दोन-दोन जोडून वाचली गेली.

प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी तीन चिन्हं, त्यातलं पहिलं टोपी किंवा मात्रा असलेलं लॅटिन अक्षर: यूटीएफ-८ बरोबर पोचलं, पण वाचणाऱ्याने ते कोड पेज समजून वाचलं. यात मजकूर हरवलेला नसतो; वाचण्याची बाजू दुरुस्त केली की पुरे.

नुसती प्रश्नचिन्हं: टप्पा २. इथे मात्र मजकूर गेला, पाठवण्याची बाजूच बदलावी लागेल.

मजकूर बरोबर, पण शेवटी कचरा: शून्य बाइट ठेवायचा राहून गेला किंवा लांबी चुकली. मजकूर बरोबर, पण प्रोग्रॅम काही वेळाने कोसळतो: टप्पा ५ पासून पुन्हा सुरू करा, आणि ज्या डिक्लरेशनमध्ये परतीचा प्रकार स्ट्रिंग आहे ती सगळी शोधून काढा.